शेवटच्या ओळीतलं नाव

११ जानेवारी २०२५, शनिवार. नांदेड

स्वरयंत्र काढावं लागणार. अर्धं नाही — पूर्ण! लातूरच्या डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि त्यावर फुली मारली. अण्णांनी चित्र नीट पाहिलं. "म्हंजे गाणं बंद?"

"गाणं काय, बोलणंसुद्धा. पण माणूस वाचेल."

"कोणता माणूस?" अण्णा म्हणाले.

डॉक्टरांना तो विनोद वाटला. लिंबाजी अँड पार्टी म्हणजे काय हे त्यांना कुठून ठाऊक असणार? चाळीस वर्षं भीमजयंतीला गावोगाव गाणारा माणूस समोर बसलाय, त्याला विचारतायत तंबाखू किती वर्षं खाता.

एकोणतीस तारीख दिलीय. बाहेर एक मॅडम होत्या, त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, आवाज रेकॉर्ड करून ठेवा, घरच्यांना नंतर बरं वाटतं. माय जाऊन तीन वर्षं झाली. घर आधीच केवढं गप्प आहे!

१४ जानेवारी, मंगळवार

शेजारच्या सिद्धम्मा तिळगूळ घेऊन आल्या. गोड बोला म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "पंधरा दिवस हायेत, घेतो बोलून." सिद्धम्मा डबा इथेच विसरून गेल्या.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी मोबाईल समोर धरला. "अण्णा, बोला काहीतरी. निदान माझं नाव तरी घ्या."

"का? मेलो का मी?"

"तसं नाही..."

"मग बंद कर ते, बुद्धे."

संध्याकाळी स्वतःच विषय काढला. म्हणे लातूरला सरळ जायचं नाही. आधी कंधार, मग चाकूरकडचं एक गाव, मग शिरूर अनंतपाळ, म्हणजे मायचं माहेर. तिन्हीकडे एकच गाणं म्हणायचं आणि मग दवाखान्यात भरती व्हायचं. कोणतं गाणं? तर 'पाटी'.

माझं गाणं! मी पहिलीत होते. पाटीवर सूर्य काढला आणि दोन दिवस कुणाला पुसू दिला नाही. त्यावर हे गाणं झालं आणि इतकं चाललं की या भागात शाळेच्या गॅदरिंगपासून लग्नापर्यंत ते ऐकू येतं. आमच्या गाण्यांची रीत अशी की शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं. 'लिंबाजी सांगे, ऐका गं बाया, पाटी लेकीची पुसायची नाय.' ही ओळ आली की मी वर्गात मान खाली घालायची. सगळ्यांना ठाऊक — लेक म्हणजे बुद्धप्रिया.

अण्णा माझ्या दहावीच्या निकालाला नव्हते. टायफॉईड झाला तेव्हा नव्हते. माय रोजंदारीला जायची, मी कुलूप उघडून घरात शिरायची. पण बापाने आपल्यावर गाणं केलंय, एवढ्या एका गोष्टीवर मी त्यांना पुष्कळ माफ केलंय. हे त्यांना कधी सांगितलेलं नाही.

ऑफिसात रजा टाकली. साहेबांनी विचारलं, ऑपरेशन एकोणतीसला, रजा चोवीसपासून का? म्हटलं, दौरा आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार. कंधार

गाडी शिकून मला तीन महिने झालेत. अण्णांनी मागच्या सीटवर पेटी ठेवली आणि तिला पट्टा लावला. स्वतःला लावला नाही.

"तिला धक्का बसला तर भाता फाटंल."

"आणि तुम्हाला बसला तर?"

"मी फाटल्यालाच हाय."

मग कंधारपर्यंत सूचना. ब्रेक दाब. दाबू नको. म्हैस हाय. अगं म्हैस हाय! तोंडात ज्येष्ठमधाची काडी, गळ्याला मफलर. डॉक्टरांनी कमी बोला म्हणून सांगितलंय त्या माणसाला!

त्यांच्या पिशवीत शाल आणि नारळ निघाले. विचारलं तर म्हणे सत्काराला. कुणाच्या? तर स्वतःच्या! आयोजकाची ऐनवेळी फजिती होते, म्हणून आपली शाल आपल्याजवळ असलेली बरी. गेल्यागेल्या ती गुपचूप त्याच्या हातात द्यायची आणि मग मंचावर अंगावर घ्यायची. ही एकच शाल त्यांना एकोणसाठ वेळा मिळालीय. हसून हसून माझी गाडी रस्त्याच्या कडेला गेली. परत सूचना.

आनंदराजकाका म्हणजे पार्टीचे जुने ढोलकीवाले. त्यांनी विहारात चाळीसेक माणसं जमवली होती. अण्णांचा आवाज फाटलाय, पण सूर अजून जागेवर आहे. लोक डोळे पुसत होते. शेवटची ओळ आली आणि सगळ्या विहाराने ती त्यांच्या तोंडातून काढूनच घेतली — लिंबाजी सांगे! अण्णांचा आवाज त्यात बुडाला. पण मी मोबाईलवर रेकॉर्ड करत समोरच होते. त्यांचे ओठ वेगळंच काहीतरी म्हणत होते.

त्यांनी हात वर करून ओळ परत घेतली. परत तेच झालं, आधीपेक्षा जोरात.

नंतर काका म्हणाले, "दोनी डाव चुकलास, लिंबाजी. सोताचं नाव इसरला का?" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. शाल मिळाली. साठ. माझ्याकडे वळून म्हणाले, "बुद्धे, बंद कर ते."

२५ जानेवारी, शनिवार. चाकूर

आजचं लिहायला हात उचलत नाही. पण लिहिते.

अहमदपूरच्या पुढे मी विचारलं, "काल नाव चुकलात का?"

"चुकलो न्हाई. पयल्यांदा बरोबर म्हणलो." मग म्हणाले, "सरजा ही सांगे — असं हाय ते. मूळचं."

सरजा म्हणजे माय. सरजाबाई.

मी इंडिकेटर लावला, आरशात पाहिलं, गाडी बाजूला घेतली. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. उसाचे ट्रॅक्टर हॉर्न मारत जवळून चालले होते.

गाणं मायचं. भाकरी थापताना तिने जुळवलं, लिहिता येत नव्हतं म्हणून अण्णांनी वहीत उतरवून घेतलं. नंतर कंधारला जयंतीचा कार्यक्रम होता. शेवटची ओळ आली आणि अण्णांच्या तोंडून स्वतःचं नाव गेलं. "मात्रा बराबर बसल्या गं," म्हणाले. लोकांनी तीनदा म्हणायला लावलं.

"माय कुठे होती?"

"बायांत बसल्याली. तू मांडीवर झोपल्याली."

"काय म्हणाली?"

"घरी आल्यावर म्हणली, नाव चांगलं बसलं. बस. त्याच्यानंतर माझ्यासमोर कोणतंच गाणं म्हणली न्हाई ती. कदीच."

"आणि वहीतली बाकीची गाणी?"

"चालली ती तिची. पडली ती माझी."

मी म्हटलं, मग पेपरात देऊ. काकांना फोन करून सांगा. तर म्हणाले, "सांगितल्यालं लोक इसरतेत. गळ्यानं बिघडवलं, गळ्यानंच नीट करावं लागतं. आन् गळा चार दिसांचा राह्यलाय."

मला रडू आलं. ते मायसाठी नव्हतं, हे इथे लिहून ठेवते. स्वतःसाठी होतं. बापाचं माझ्याकडे एक गाणं होतं, आता तेसुद्धा नाही. माझ्या पाटीवरचा सूर्य त्यांनी बघितलासुद्धा नसेल! बघितला मायने. रोजंदारीवरून येऊन, भाकरी थापता थापता. आणि मी तिला कधी विचारलं नाही की माय, तू काय गुणगुणतेस.

चाकूरपर्यंत अण्णांनी सूचना केल्या नाहीत. समोर दोन म्हशी आल्या तरी गप्प.

२६ जानेवारी, रविवार. चाकूरजवळ

मन्मथ गुरुजींच्या गावी झेंडावंदन. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, अण्णांचे जुने चाहते. मुलं, पालक, सरपंच, आणि मुख्य म्हणजे माईक. अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा आशा दिसली. माईकपुढे गर्दीचा आवाज चालत नाही म्हणाले. मला उद्देशून नव्हे, पेटीला.

या वेळी आधीच सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. उभे राहिले. "मंडळी, या गाण्यात माझं नाव घेऊ नका. हे गाणं माझं नव्हं—" एवढं म्हणाले आणि खोकला लागला. माईक शिट्टी मारायला लागला. गुरुजींनी धावत येऊन माईक हातात घेतला आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा मुलांनो! एवढा मोठा कलावंत म्हणतो, गाणं माझं नाही, समाजाचं आहे. याला म्हणतात नम्रता!"

टाळ्याच टाळ्या!

अण्णा हात हलवून नाही नाही म्हणत होते. त्यावर आणखी टाळ्या. मग गाणं झालं. शेवटच्या ओळीला दोनशे मुलं एका सुरात, गुरुजींनी मुद्दाम तयारी करून घेतलेली — लिंबाजी सांगे! पुढे उभी असलेली एक पोर तर बोट अण्णांकडे करून गात होती. अण्णा माईकला तोंड लावून सरजा, सरजा म्हणत असणार, पण माईक बंद पडला होता. लाईट गेली होती.

शाल आली. तीच.

गाडीत बसल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "एकसष्ट."

मला हसू फुटलं. राग होता, पोटातून होता, तरी फुटलं. अण्णाही हसले आणि हसता हसता खोकले. रुमाल बघून त्यांनी पटकन घडी केली. मी बघितलं नाही असं दाखवलं. नाव लावलं तेव्हा कुणी अडवलं नाही, आणि आता काढायला निघालेत तर लोक मोठेपणा देतायत. काय म्हणावं याला?

२७ जानेवारी, सोमवार. शिरूर अनंतपाळ

मामा वारल्यापासून मी इकडे आले नव्हते. मायची मैत्रीण गौरम्मा अजून आहे. दोघी लग्नाआधी एका ओळीत खुरपायच्या. नंतरही माय दर वर्षी सुगीला महिनाभर इकडे यायची, ते या बाईसाठीच.

अंगणात सात-आठ बाया तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मंच नाही, माईक नाही. अण्णा खाली बसले, पेटी मांडीसमोर घेतली. म्हणाले, "गौरम्मा, एक गाणं म्हणतो. मधी बोलू नका."

"म्हणा की दाजी. हात चालू ठेवले तर चालतंय न्हवं?"

आवाज जवळजवळ संपलाय. पेटीच जास्त ऐकू येत होती. बाया शेंगा सोलता सोलता त्यांच्याबरोबर गुणगुणायला लागल्या. मला धडकी भरली — परत तेच होणार! अण्णांनी डोळे मिटले. शेवटची ओळ आली.

बाया म्हणाल्या, "सरजा ही सांगे, ऐका गं बाया..."

कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. सगळ्यांनी एकदम. अण्णांची बोटं पट्ट्यांवर थांबली. तोंड उघडं राहिलं, पण त्यातून आवाज आला नाही.

गौरम्मा म्हणाली, "का थांबलाव? आमी तर असंच म्हणताव. खुरपताना, तूर सोलताना. सरजानंच शिकवल्यालं."

मी विचारलं, "मावशी, ते भोंग्यावर दुसरं नाव येतं ते?"

गौरम्माने अण्णांकडे पाहिलं आणि शेंगेकडे पाहिलं. "इचारलं हुतं मी तिला. नवऱ्यानं तुजं नाव खाल्लं, राग न्हाई येत? तर म्हणली, भोंगा त्यांचा हाय, शेत माजं हाय."

अण्णा रडले. मी त्यांना मायच्या मयतालाही असं रडताना पाहिलं नव्हतं. बायांनी हात थांबवले नाहीत, मला वाटतं मुद्दामच. मग त्यांनी पिशवीतून शाल काढली आणि गौरम्माच्या खांद्यावर घातली. ती म्हणाली, "हे काय येड्यावानी." पण काढली नाही.

गाडीत म्हणाले, "साऱ्या बायांला ठावं हुतं. तीस वर्सं. मी एकटाच लपवून राह्यलो."

मी म्हटलं, "तिचं नाव गाण्यात आहे अण्णा. झालं तुमचं काम."

"त्यांनी म्हणलं. म्या कुटं म्हणलं?"

२८ जानेवारी, मंगळवार. लातूर

भरती केलं. हाताला नावाचा पट्टा बांधला, दाढी काढली. दाढीशिवाय अण्णा एखाद्या अनोळखी गावातले म्हातारे दिसतात.

लायबा सिस्टर चांगल्या आहेत. कमी बोला बाबा, म्हणाल्या. अण्णा म्हणाले, उद्यापास्नं.

संध्याकाळी मोबाईल काढला. म्हटलं, इथे गर्दी नाही, टाळ्या नाहीत, माईक नाही. ती एक ओळ म्हणा, मी ठेवते जपून. आणि एकदा माझं नाव घ्या. रागाने नको, साधं.

अण्णा प्रयत्न करायला लागले. घरघर झाली नुसती. "गळा बसलाय. सकाळी म्हणतो. ताजा असतो सकाळी." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तो सूर्य म्या बी बघितला हुता. सगळ्या पाटीभर. तुजी माय पाटीला कपडा लागू देत नव्हती. म्या बघितला आन् परोगरामला निघून गेलो. तिनं बघितला आन् गाणं केलं. एवढाच फरक हाय बघ तिच्यात आन् माझ्यात."

मोबाईल तेव्हा चालू नव्हता! मी बंद करून पर्समध्ये टाकला होता.

२९ जानेवारी, बुधवार

मला खाली रक्ताच्या चिठ्ठीसाठी पाठवलं. साडेनऊला नेणार होते. वर आले तर खाट रिकामी. आधीच्या पेशंटचं ऑपरेशन पुढे गेलं म्हणून अण्णांना आठलाच आत घेतलं.

सकाळी म्हणतो, म्हणाले होते. सकाळ झाली आणि मी चिठ्ठीच्या रांगेत होते.

२९ जानेवारी, संध्याकाळ

झालं ऑपरेशन. वाचले.

३१ जानेवारी, शुक्रवार

शुद्धीवर नीट आलेत. गळ्याला भोक, नळी. श्वास तिथून येतो. बोलायला तोंड उघडतात आणि काहीच येत नाही, मग आठवतं आणि मिटतात. ते मिटणं मला बघवत नाही.

दवाखान्याने पाटी दिलीय. तीच ती, शाळेची, काळी. पहिलं वाक्य लिहिलं — पेटी कुठं? म्हटलं, गाडीत. लिहिलं — उन्हात नको. गधडे. मी रडत रडत हसले.

मग पुसून लिहिलं — म्हणलो मी. विचारलं, काय म्हणलात? कधी? गुंगीत स्वप्न पडलं असेल. थकून डोळे मिटले.

ज्या माणसाने पाटी पुसायची नाय म्हणून आयुष्यभर गायलं, तो दर दोन मिनिटांनी पाटी पुसतोय. काय करणार, पुसल्याशिवाय पुढचं लिहायचं कुठे?

बाहेर बाकावर बसून तिन्ही रेकॉर्डिंग ऐकली. कंधारला गर्दी, चाकूरला मुलं, शिरूरला बाया. अण्णांच्या आवाजात मायचं नाव कुठेच नाही. माझं आहे. प्रत्येकाच्या शेवटी — बुद्धे, बंद कर ते. तीनदा. चिडून का होईना!

३ फेब्रुवारी, सोमवार

ड्रेसिंग करताना लायबा सिस्टरांनी विचारलं, "सरजा कोण हो तुमच्यात?"

म्हटलं, आई. का?

म्हणाल्या, थिएटरच्या दारात पेशंटने आपलं नाव आपल्या तोंडाने सांगायचं, तसा नियमच आहे. "बाबांना विचारलं तर म्हणाले, सरजा. फाईलवर तर लिंबाजी! परत विचारलं. परत सरजा. तिसऱ्यांदा तर गाऊन सांगितलं, काहीतरी 'सरजा ही सांगे' असं. पेशंट बदलला की काय म्हणून आम्ही घाबरलो. शेवटी हाताचा पट्टा बघून आत घेतलं."

म्हटलं, इंजेक्शनच्या गुंगीत असतील.

"नाही हो. इंजेक्शन आत गेल्यावर दिलं. बाबा चांगले शुद्धीत होते."

मी अण्णांकडे पाहिलं. पाटी त्यांच्या पोटावर पालथी पडली होती. त्यांनी ती उचलली नाही.